मेलेल्या पैलवानाशी जोड

मला हात दिला तो नांदूरघाटच्या तालमीतल्या पैलवानांनी, एकट्या माणसानं. हे आधी लिहून ठेवतो. पुढं जी हकीकत सांगायची आहे तिच्यात बोलघेवड्यांची इतकी दाटी आहे, की पैलवान त्या दाटीत कुठंतरी भिंतीला टेकून उभे राहतील आणि वाचणाऱ्याच्या ध्यानातही येणार नाहीत. त्यांचा स्वभावच तसा. चार माणसं बोलायला लागली की हे मागं सरकायचे. म्हणून त्यांना अगोदर पुढं आणून बसवतो, मग बाकीच्यांकडं वळतो. नाव कुणाचंच लिहीत नाही. वाईटांची लिहायची भीती वाटते, आणि त्यांची लिहीत नाही तर चांगल्या माणसाचं एकट्याचं लिहून त्याला उघड्यावर कशाला आणायचं?

आज हे सगळं वर आलं ते आमच्या वखारीतल्या बोलण्यामुळं. मी हैदराबादेत तेलबियांच्या एका वखारीत काट्यावर असतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की इथले लोक करडईच्या पोत्यांवर बसून पैलवान लढवतात. हातानं नव्हे, तोंडानं. सिकंदराबादच्या छावणीत आज जो गोरा मुक्केबाज आहे त्याची गाठ सत्तावनच्या गदरच्या वेळच्या मुक्केबाजाशी पडली असती तर कोण आडवा झाला असता? आमचा मुनशी सांगतो, जुना जिंकला असता. या मुनशीनं आयुष्यात पानाच्या डब्याशिवाय कशावर मूठ वळलेली नाही. बाकीचे माना डोलावतात. मी आपला काट्याकडं बघत राहतो. मला कुणी विचारलं तर काय सांगायचं, या काळजीनं वजनं पुन्हा पुन्हा पुसतो. एवढ्यातेवढ्यानं नोकरी जात नाही, हे कळतं. पण असल्याच बोलण्यातून एका माणसाचं अन्न गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी मूळचा सरहद्दीपलीकडचा, नगरकडचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला. तिसरीत होतो तेव्हा वडील प्लेगनं गेले आणि शाळा तिथंच सुटली. पुढं कळता झालो तसा धान्याच्या गाड्यांबरोबर बैल हाकत निजामाच्या मुलखात आलो. बीडकडच्या नांदूरघाटला ताप भरला. गाडीवाल्यानं मला तालमीच्या ओट्यावर टेकवलं, ‘आलोच’ म्हणाला आणि गेला. त्याचं ‘आलोच’ अजून चाललं आहे.

सकाळची मेहनत आटोपून पैलवान बाहेर आले. सगळ्या अंगाला माती. मला पाहून थांबले.

“कुन्या गावचा बे तू?”

मी गाव सांगितलं.

“मंग लांब हाय,” एवढंच म्हणाले आणि मला काखेत धरून आत घेऊन गेले. कावून आलास, म्हणजे कशाला आलास, कुणाचा कोण, काही विचारलं नाही. स्वतःच्या वाट्याचं दूध त्यांनी मला पाजलं. तालमीत आपलं दूध दुसऱ्याला देणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पैलवानाचं दूध म्हणजे पुढल्या जत्रेतलं त्याचं बळ. ते त्यांनी एका वाटसरूच्या तापात ओतलं.

ताप उतरला आणि मी तिथंच राहिलो. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली माती उकरायची, तिच्यात ताक, हळद, तेल मिसळायचं, पैलवानांचं अंग रगडायचं, आणि ते जोर काढायला लागले की वजनासाठी त्यांच्या पाठीवर बसायचं. मी पक्का हडकुळा. ते खालून म्हणायचे, “तू बसलास काय न् कावळा बसला काय, सारखंच.” हे ऐकलं की मला फार बरं वाटायचं. माझी थट्टा करावी इतकं आपलं मला कुणी कधी मानलंच नव्हतं.

आता ते बोलघेवडे. चावडीपुढं लिंबाचा पार होता. गावातली रिकामी मंडळी दिवस उतरायला लागला की तिथं जमायची. त्यांचा म्होरक्या एक म्हातारा. हा मोमिनाबादच्या छावणीत मोतद्दार होता, घोड्यांना खरारा करायचा. गावात मात्र सगळे त्याला घोडदळातल्या अंमलदारासारखं रिसालदार म्हणायचे आणि त्यानं कधी कुणाला नको म्हटलं नाही. जन्मभर लीद उचलली म्हणून मी त्याला हसत नाही. मी स्वतः पोती उचलून इथवर आलो आहे. पण घोड्याच्या शेपटीकडं उभं राहून पाहिलेल्या लढाया याला अशा सांगता यायच्या, की जणू लगाम याच्याच हातात होता.

रिसालदाराचं एकच काम: जोड्या लावायच्या. ज्यांची गाठ कधी पडली नाही आणि पडायची नाही, अशा दोघांच्या.

“आमच्या छावनीत पैला एक कप्तान व्हता,” तो सुरू करायचा. “उघड्या मुठीनं लढायचा. असा मुक्का हानायचा, घोडं खाली बसायचं. त्याच्या मागून दुसरा आला, त्यो हाताला गाद्या बांधायचा. गाद्या! मारायला निघालास का निजायला, बे?”

पार हसायचा. मग कुणीतरी ठरल्याप्रमाणं विचारायचं, “दोघांची लागली असती तर, रिसालदार?”

“पैला. एक हात पाठीमागं बांधून.”

“आन् पैल्याची आपल्या थोरल्यांशी लागली असती तर?”

इथं रिसालदार डोळे मिटायचा. आत काहीतरी दिसतंय असं तोंड करायचा. “थोरले. मुक्का छातीवर घेतला असता न् हसून म्हनले असते, साहेब, हात दुखला का?”

थोरले म्हणजे गावचे एक जुने पैलवान. माझ्या जन्माआधीच वारलेले. मेल्यावर माणसाची वाढ थांबते अशी माझी समजूत होती. थोरल्यांची थांबली नव्हती. मी गावात आलो तेव्हा ते एका बैठकीला एक बकरं खात. दुसऱ्या जत्रेपर्यंत दोन खायला लागले. एकदा त्यांनी चिखलात रुतलेली गाडी उचलली होती. पुढं त्या गाडीत ज्वारी भरली गेली, मग ज्वारीवर माणसं बसली. पारावरच्या कुणी त्यांना खेळताना पाहिलं होतं की नाही, देव जाणे. रिसालदार तर त्या काळात मोमिनाबादला होता. पण त्याचा नियम सोपा होता: दोघांतला जो अगोदर मेला तो जिंकला. ज्याच्या अंगात श्वास आहे त्याला या नियमापुढं डावच नव्हता.

हे सगळं पारावरच राहिलं असतं तर राहिलं असतं. घोळ झाला तो पटक्यापायी.

थोरल्यांचा एक लाल, जरीकाठी पटका होता. पाटलांच्या घरी पेटीत असायचा. जत्रेतली शेवटची, मोठी कुस्ती गावाकडून जो लढणार, त्याच्या डोक्याला पाटील तो आपल्या हातानं बांधायचे. पैलवान पटका घालून हलगीमागून हौद्याला फेरी मारायचा, मग तो उतरवून पाटलांच्या हातात द्यायचा आणि लंगोटावर मातीत उतरायचा. पटक्याला माती लागू द्यायची नाही, ही गावाची आण. लढणाऱ्याशिवाय गावातल्या कुणी तो डोक्याला लावायचा नाही, ही दुसरी. आणि ज्याला पटका त्याला वर्षभर पाटलांच्या म्हशीचं दूध. म्हणजे पटका गेला की दूध गेलं, आणि दूध गेलं की पैलवान संपला. आमच्या पैलवानांच्या डोक्याला तो दर जत्रेत बांधला जात होता आणि ते अजून एकदाही पडले नव्हते.

तेच तर खुपत होतं. हरणाऱ्याची कीव करता येते, त्याला शहाणपण शिकवता येतं. सारखं जिंकणाऱ्याचं काय करायचं? मग त्याला मेलेल्याशी लढवायचं. शिवाय पाटलांचा एक पुतण्या होता. त्यानंही मेहनत सुरू केली होती, बहुतेक आरशापुढं. त्याची नजर पटक्यावर, आणि रिसालदाराचं संध्याकाळचं ताट त्याच्याकडं.

त्या साली जत्रा जवळ आली. शेवटच्या कुस्तीला सिरसाळ्याकडचा नामांकित पैलवान येणार असं ठरलं. एका संध्याकाळी आम्ही विहिरीवरून परतत होतो. पारावर पाटीलही बसलेले. पैलवानांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रिसालदार म्हणाला,

“पटका कुनाचा? थोरल्यांचा. थोरल्यांपुढं ह्ये किती टिकले असते? पान चघळून थुकायला लागतो तेवढा येळ. मंग थोरल्यांनी ज्याला लोळवलं, त्याच्याच डोक्याला थोरल्यांचा पटका? ह्ये कुठलं शास्तर म्हनायचं?”

लोळवलं! न झालेली कुस्ती अशी बोलता बोलता होऊन गेली, निकालासकट. पारावरच्या एकाही डोक्यात उजेड पडला नाही.

पैलवान हसले. “मंग बोलवा की थोरल्यांना, रिसालदार. म्या लंगोट लावूनच हाय.”

थट्टाच होती. पण जिवंतांची थट्टा त्या पाराला चालायची, मेलेल्यांची नाही. एकानं तर कानाच्या पाळ्या धरल्या. पाटील वाईट माणूस नव्हते, नुसते रिकामे होते, आणि त्यांच्या हाती हुकूम होता. त्यांनी जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले,

“बराबर हाय. लावू जोड.”

“कुनाची, पाटील?”

“थोरल्यांची न् ह्यांची. तालमीत. रिसालदार थोरल्यांचे डाव सांगतील, ह्यांनी तोड द्यायची. पटका कुनाचा ते तितंच ठरंल.”

मला वाटलं, आता लोक हसतील. कुणीही हसलं नाही. उलट गाव असं कामाला लागलं, जणू थोरले बैलगाडीत बसून निघालेत आणि वाटेत भाकरी खायला थांबलेत. 

अडचण एकच निघाली. थोरल्यांच्या जागी उभं कोण राहणार? पटका तर हवाच, त्याशिवाय थोरले कसे? कुणी म्हणालं, खांबाला बांधा. रिसालदार खवळला, “थोरले काय खांबागत हुबे ऱ्हायचे?” आणि गावातल्या कुणी पटका लावायचा नाही, ही तर आण. बराच वेळ माणसं एकमेकांची डोकी न्याहाळत बसली. मग रिसालदाराची नजर माझ्यावर आली.

“ह्यो हाय की. ह्यो कुठं गावातला हाय?”

“ह्या काडीत थोरले मावतील का?” कुणीतरी विचारलं.

“मावायचं काय त्याला? खुंटी हाय ती. खुंटीला पटका टांगला म्हनून खुंटी काय पैलवान होत न्हाई.”

त्यावर मात्र सगळे पोटभर हसले. पाटलांनी मला पुढं बोलावलं.

“ऐक बे विंग्रजी. तू बोलायचं न्हाई, मनानं हालायचं न्हाई. रिसालदार सांगतील तसा हात लावायचा. आन् पटका मातीला लागला, तर ज्या डोक्यावरनं पडला त्ये डोकं ह्या गावात ऱ्हानार न्हाई. मंग पोरं तुझं काय करतील त्याला मी जिम्मेदार न्हाई.”

पुतण्याभोवतीची पोरं काठ्यांवर हनुवट्या टेकून उभी होती. त्यांना ते फार आवडलं. मला इतकंच समजलं, की पैलवान जिंकले तर मी पडणार, मी पडलो तर पटका पडणार. पारावरच्या एवढ्या शहाण्यांना हे कळलं नसेल का? रिसालदाराला नक्की कळलं असेल, असं मला पुढं वाटायला लागलं. त्या दिवशी मात्र मी पाटलांपुढं नुसती मान हलवली.

तालमीत आल्यावर मी म्हणालो, “पैलवान, मी पळून जातो.”

“कुठं जाशील बे? परत खोकाया लागलास.”

“मग काय करू?”

“तू नुसता हुबा ऱ्हा. म्या हाय.”

“पण तुमचं दूध…”

“आदी हे पी,” म्हणून त्यांनी वाटी माझ्यापुढं सरकवली आणि मारुतीपुढं दिवा लावायला गेले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसावी म्हणून मी बघत होतो. दिसली असती तर मला सोबत झाली असती.

कुस्तीच्या दिवशी तालमीच्या भिंतींवरसुद्धा माणसं बसली होती. खऱ्या कुस्त्यांना इतकी गर्दी मी पाहिली नव्हती. पाटलांनी पटका माझ्या डोक्याला बांधला. थोरल्यांचं डोकं केवढं असेल कोण जाणे. तो माझ्या कानांवर घमेल्यासारखा बसला. हलगी वाजायला लागली. हौद्याच्या काठावर बाज टाकली होती, तिच्यावर रिसालदार शाल पांघरून बसला, आणि डोळे मिटले.

“थोरले आले!” तो ओरडला. “थोरल्यांनी शड्डू ठोकला!”

मी मांडीवर हात मारला. पापड मोडल्यासारखा आवाज आला. भिंतीवर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि चूप झालं.

“थोरल्यांनी मान धरली!”

जी मान मी रोज सकाळी रगडायचो तिच्यावर मी हात ठेवला. पैलवानांनी मान किंचित वळवून तो सोडवला.

“आता ढाक लावली!”

मी पाय पुढं टाकला. ते बाजूला झाले, इतक्या अलगद की मीच तोल जाऊन त्यांच्या अंगावर गेलो. त्यांनी मला सरळ केलं, पटकाही नीट केला.

“तोड झाली,” काठावरचा एक म्हातारा पुटपुटला.

“थोरले असे फसत न्हाईत! दुसऱ्या अंगानं ढाक!”

त्याचीही तोड झाली. एकेक डाव रिसालदार सांगे, मी कसाबसा हातपाय लावी, आणि पैलवान मला शिकवत असल्यासारखे तो सोडवत. हळूहळू ध्यानात आलं, की रिसालदाराकडचे डाव संपत आले आहेत. त्यानं पुन्हा मान धरायला लावली. पुन्हा ढाक. मग तो अडला. शालीत हात चाळवायला लागला. पुतण्या त्याच्याकडं रोखून बघत होता. शेवटी त्याला छावणी आठवली.

“थोरल्यांनी मुक्का हानला!”

“कुस्तीत मुक्का?” पाटलांनी विचारलं.

“थोरल्यांना समदं येत व्हतं!”

मी मूठ वळून तसाच उभा. पैलवान हळूच म्हणाले, “हान बे. लागत न्हाई.” मी त्यांच्या छातीला मूठ टेकवली. ते माझ्याकडं वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

“साहेब, हात दुखला का?”

सगळी तालीम हसली. भिंतीवरची पोरं तर खाली पडायची राहिली. पुतण्याच्या पोरांतलासुद्धा एक हसला. तेवढाच एक क्षण त्या गावानं जिवंत माणसाची बाजू घेतली.

रिसालदार बाजेवरून उठला. शाल खाली. “पटक्याम्होरं थट्टा? थोरल्यांची थट्टा? लई तोडी येत्यात न्हवं? मंग पाडा! पाडून दाखवा थोरल्यांना!”

“पाडा!” पुतण्या ओरडला. “पाडा, पाडा!” पोरं काठ्या आपटायला लागली. आणि जे आत्ताच हसले होते तेही ओरडायला लागले. कुणाला पाडायचं, का पाडायचं, कुणाचं काय जाणार, कुणाला पत्ता नव्हता; ओरडायला मिळालं, झालं.

आता त्यांना पाडणं भागच होतं. पैलवानांनी माझ्या कमरेला मिठी घातली. माझे पाय मातीवरून सुटले. आभाळ दिसलं, भिंतीवरचे पाय दिसले, काठ्या दिसल्या. रोज करत होते तेवढंच करायचं होतं त्यांना, एक वळसा द्यायचा. मग कुस्ती त्यांची, पटका त्यांचा, दूध त्यांचं, सिरसाळ्याचा पैलवान त्यांचा. डोक्यामागची गाठ ढिली झालेली मला कळली. पटक्याचं एक टोक डोळ्यावर आलं. माझे दोन्ही हात त्यांच्या मिठीत अडकलेले.

कानाशी आवाज आला, “मान ताठ धर.”

आणि त्यांचे गुडघे वाकले. पाय निसटला नाही, तोल गेला नाही. ज्यानं जन्मभर बैठका मारल्या तो माणूस जसा सावकाश बसतो, तसे ते बसले, मागं कलले, आणि दोन्ही खांदे मातीला टेकवून उताणे झाले. मी त्यांच्या छातीवर, घोड्यावर बसावं तसा. त्यांचा एक हात वर आला. लोकांना वाटलं, झटापट करतायत. तो हात माझ्या डोक्यावर पटका दाबून धरत होता.

“चीत!” रिसालदारानं आरोळी ठोकली. “थोरल्यांनी चीत केलं!”

तालीम दणाणली. हलगीवाल्याला भान राहिलं नाही. माणसं हौद्यात उतरली ती पटक्याला हात लावायला. पाटलांनी तो माझ्या डोक्यावरून वरच्यावर उचलला, फळ तोडावं तसा, आणि म्हणाले, “थोरले ते थोरले.” बस्स, निकाल.

खाली पैलवान माझ्याकडं बघत होते. “उतर आता, कावळ्या.”

एवढ्या डोळ्यांपुढं एक माणूस आपण होऊन आडवा झाला आणि कुणाला ते दिसलं नाही. किंवा दिसलं आणि चाललं. यातलं जास्त हलकट कुठलं, याचा मी अजून विचार करतो. त्यांच्या पाठीची माती झाडायला एक माणूस पुढं आला नाही. मीच झाडली.

त्या संध्याकाळी म्हशीचं दूध आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निरोपही नाही, नुसतं आलं नाही. मी वाटी घासून ठेवत होतो, तेव्हा त्यांना विचारलं,

“पैलवान, टाकायचं होतं मला. कावून पडलात?”

“तुला टाकून काय गावलं असतं?”

“पटका. दूध.”

“दूध म्हशीचं असतंय बे. म्हशी लई हायत मुलखात.” एवढं बोलून ते जोर काढायला वाकले. मला म्हणाले, “बस.” मी पाठीवर बसलो. मला रडू येत होतं आणि ते वरखाली होत असल्यामुळं मी वरखाली रडत होतो. त्यांना कळलं असेल. मोजणी चुकली नाही त्यांची.

जत्रेत पटका पुतण्याच्या डोक्याला बांधला. ऐटीत फेरी मारली त्यानं, मिश्यांना तेल लावून. सिरसाळ्याच्या पैलवानानं त्याला हलगीचा ठेका बदलायच्या आत आभाळ दाखवलं. मी गर्दीत उभा होतो. सिरसाळ्याचा पैलवान मातीतून उठून चहूकडं बघायला लागला. एवढ्या लांबून आलो ते याच्यासाठी का, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं. मला वाटलं, आता तरी यांच्या माना खाली जातील. कुठल्या जातायत! रिसालदार शेजाऱ्याला म्हणत होता,

“थोरले असते तर ह्यो सिरसाळ्याचा गेला असता. पान थुकायच्या आत.”

“तर वो,” शेजारी म्हणाला, “तर!”

आमचे पैलवान असते तर, असं कुणी म्हणालं नाही. कसं म्हणणार? ते होते. तालमीच्या ओट्यावर बसून आपली वाकळ गुंडाळत होते.

जत्रा उठायच्या आधीच आम्ही निघालो. गावाबाहेर आल्यावर त्यांनी एकदा मागं वळून तालमीच्या मारुतीला हात जोडले, पारावरून मात्र मान न वळवता आले होते. चालत मोमिनाबादेला आलो. तिथं त्यांच्या ओळखीचा एक तेलबियांचा आडत्या होता. पैलवान बाजूला उभे राहून त्याच्याशी बराच वेळ बोलले. ज्यांना चार शब्द लांबवायचा कंटाळा, ते माझ्यासाठी आर्जव करत होते. आडत्यानं मला हैदराबादच्या या वखारीत धाडायचं कबूल केलं. गाडीत चढताना पैलवानांनी ती वाकळ माझ्या खांद्यावर टाकली.

“आन् तुमी?” मी विचारलं. त्या मुलखात राहून माझीही जीभ तशीच वळायला लागली होती.

“लातुराकडं कापसाच्या गिरन्या हायत. बोजे उचलीन. तुझ्यापरीस जड आसतील, एवढंच.”

गाडी हलल्यावर ते ओरडून म्हणाले, “दूध पीत जा बे!” आणि वळले. ज्याचं स्वतःचं तोडलं होतं तो मला दूध प्यायला सांगत होता.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. लातूरकडून कुणी वखारीत आला की मी भीत भीत चौकशी करतो. मागं एक गाडीवान म्हणाला, तिकडच्या एका गिरणीत असा एक थोराड गडी आहे, कमी बोलणारा, बोजा पाठीवर घेताना मारुतीचं नाव घेतो. तेच असतील. तेच असोत.

आज दुपारी अखेर मुनशीनं मला हाक मारलीच. “क्यों बे बीडवाले, तू बोल. पुराना के नवा?”

मी म्हणालो, “मला काय कळतंय त्यातलं.” आणि काट्यावर वजन टाकलं. भित्रा आहे मी, हे मला ठाऊक आहे. पण त्या वेळी मनात भीती दुसरीच होती. पैलवानांचंही वय होत आलं असेल. बोजे उचलून माणूस लवकर झिजतो. एक दिवस ते जातील आणि ती बातमी नांदूरघाटच्या पारावर पोचेल. तो रिसालदार मेला असेल, पण पार असला की कुणीतरी रिसालदार असतोच. मग एकाएकी आमचे पैलवान वाढायला लागतील. एका बैठकीला बकरी खातील, गाड्या उचलतील. ज्यांनी त्यांना वाटीभर दूध पोचू दिलं नाही, ते सांगतील की असा मर्द पुन्हा होणे नाही, आणि त्यांचं नाव घेऊन तालमीतल्या कुणा जिवंत पोराच्या तोंडचा घास काढतील. ते पोर बिचारं काय करणार? मेलेल्याला कुठली तोड?

म्हणून मला घाई आहे. वखारीतून रजा मागायची तर अजून जीभ रेटत नाही, पण मागणार. पटका मी पाहून ठेवला आहे, इथल्या बाजारात, लालच, जरीचा नाही. तो घेऊन मी लातूरकडं जाईन, गिरणीच्या दारात उभा राहीन, आणि पैलवान पाठीवरचा बोजा उतरवून बाहेर आले की माझ्या हातानं त्यांच्या डोक्याला बांधीन. लोक बघोत, न बघोत. मग त्यांनी त्यानं घाम पुसावा, चुंबळ करून त्यावर बोजा घ्यावा, काहीही करावं. त्या पटक्याला माती लागली तर लागू दे. हे मी करणार आहे, ते जिवंत आहेत तोवर.